युद्धग्रस्त देशाला मदत : मोजमाप व तुलना

युद्धात सापडलेल्या देशाला कोणत्या राष्ट्राने किती मदत दिली, हे मोजून एकमेकांशी ताडून पाहण्याची रीत. शस्त्रे, रोख पैसा, कर्ज, धान्य, औषधे आणि निर्वासितांना दिलेला आसरा हे सारे तिच्यात धरतात.

विदर्भातल्या खेड्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात कुणाचा गोठा कुटारासकट जळाला की गावात वर्गणीची वही फिरते. चाळीस एकरवाला पाच हजार लिहितो, सालदाराची बायको घरातली दोन पायल्या ज्वारी आणून ओतते. कुणी ‘कापूस विकला की देतो’ म्हणून आकडा घालून जातो आणि तो वहीतच राहतो. रक्कम किती, ऐपतीच्या मानाने किती आणि हातात पडले किती, हे तीन प्रश्न तिथेही असतात.

युक्रेनवर रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी आक्रमण केले, तेव्हापासूनच्या मदतीची नोंद जर्मनीतील कील इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था ठेवते. तिच्यानुसार २०२४ अखेर एकटा देश म्हणून अमेरिका सर्वांच्या पुढे होती, सुमारे ११४ अब्ज युरो; युरोपातील देशांचे मिळून सुमारे १३२ अब्ज. ऐपतीशी ताडले की क्रम पालटतो. एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम वर्धा जिल्ह्याएवढी. पण त्याने आणि डेन्मार्कने देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून अधिक दिले, अमेरिकेने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. डेन्मार्कने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला सगळा तोफखाना देऊ केला. माझ्या मते ऐपतीचे माप अधिक न्याय्य आहे. मात्र लढणाऱ्या सैनिकाला टक्केवारीचा उपयोग नाही, त्याला तोफगोळेच लागतात, म्हणून एकूण रकमेचा रकानाही खोडता येत नाही.

खरी अडचण किमतीची. जुनी बैलबंडी द्यायची आणि वहीत नव्या बंडीचा भाव लिहायचा, तसे शस्त्रांचे होते. जून २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने कबूल केले, की दिलेल्या शस्त्रांना नव्या खरेदीचा भाव लावल्याने मदत ६.२ अब्ज डॉलरने जास्त दाखवली गेली होती. कर्ज आणि अनुदान एकाच बेरजेत घातले तरी चित्र बिघडते. पोलंडसारख्या शेजाऱ्याने लाखो निर्वासितांना घरात घेतले, तो खर्च धरायचा की नाही यावर यादीतली त्याची जागा वरखाली होते. भारताने शस्त्रे न देता औषधे व इतर मानवतावादी मदत पाठवली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘भीष्म’ हे चार फिरते उपचारसंच कीव्हमध्ये सुपूर्द केले.

काही मदत कोणत्याच रकान्यात बसत नाही. जपानशी लढणाऱ्या चीनला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. देश तेव्हा पारतंत्र्यात, तिजोरी इंग्रजांची. पैसा लोकवर्गणीचा होता. पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तिथेच राहिले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले.