गेमिंग प्रोसेसरमधील कोअरसंख्या

गेम खेळण्यासाठी संगणक जुळवताना किती कोअरचा (गणना करणाऱ्या स्वतंत्र विभागांचा) प्रोसेसर घ्यावा, या प्रश्नाचे आजचे उत्तर थोडक्यात असे : सहा कोअर व बारा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामाच्या ओळी) ही किमान गरज, आठ कोअर व सोळा थ्रेड भरपूर. त्यापुढचे कोअर केवळ गेमसाठी घेतले तर एफपीएसमध्ये (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम म्हणजे चित्रांच्या संख्येत) फरक क्वचितच दिसतो. तरीही बारा किंवा सोळा कोअरचे प्रोसेसर चाचण्यांत अनेकदा पुढे दिसतात. त्याचे कारण बहुतेक वेळा कोअर नसून त्यांच्याबरोबर मिळणारी जास्तीची कॅशे मेमरी (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आणि वाढीव क्लॉक (प्रोसेसरचा वेग) हे असते.

काम कसे वाटले जाते

६० एफपीएससाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ एफपीएससाठी ६.९. एवढ्या वेळात माऊस-कीबोर्डची नोंद, पात्रांच्या हालचाली, धडका, शत्रूंचे निर्णय आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या आज्ञा हे सगळे उरकावे लागते. आधुनिक गेम इंजिन यातली बरीच कामे लहान तुकडे करून वेगवेगळ्या थ्रेडवर टाकते. पण त्या तुकड्यांचा क्रम लावणारा मुख्य थ्रेड एकच असतो आणि त्याचे काम संपल्याशिवाय फ्रेम पुढे सरकत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो : वाटता न येणाऱ्या कामामुळे जादा कोअरचा फायदा मर्यादित राहतो. एखाद्या फ्रेमचे ६० टक्के काम वाटता येण्याजोगे धरले, तर चार कोअरवर वेग १.८ पट, आठवर २.१ पट आणि सोळावर २.३ पट होतो. आठाचे सोळा कोअर केल्यावर हातात पडते ती जेमतेम नऊ टक्के वाढ, तीही कागदावर. प्रत्यक्षात थ्रेडमधील देवाणघेवाणीचा वेळ त्यातून वजा होतो.

डायरेक्टएक्स ११ मध्ये (गेम व ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्राफिक्सच्या आज्ञा तयार करण्याचा भार मुख्यतः एका थ्रेडवर पडत असे. २०१५ मध्ये आलेले डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मधले त्याच प्रकारचे व्हल्कन यांनी हे काम अनेक थ्रेडवर वाटण्याची सोय केली. ती सोय कितपत वापरायची, हे मात्र गेम लिहिणाऱ्यांवर अवलंबून राहिले.

गरज कशी वाढत गेली

घरगुती संगणकांत दोन कोअर आले २००५ मध्ये, प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ आणि इंटेलच्या पेंटियम डीबरोबर. २०११ मध्ये एएमडीने आठ कोअरचा एफएक्स-८१५० काढला. त्यात दोन-दोन कोअरची जोडी एकच फ्लोटिंग पॉइंट (दशांश आकड्यांची गणिते करणारा) विभाग वापरत होती आणि प्रत्येक कोअरचा वेगही कमी होता. बहुतेक गेममध्ये तो इंटेलच्या चार कोअरच्या आय५-२५००के या प्रोसेसरच्या मागे पडला. नुसती संख्या पाहून खरेदी करणाऱ्यांसाठी हे उदाहरण आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. २०१४ मध्ये दोन कोअरचा पेंटियम जी३२५८ ओव्हरक्लॉक करून (ठरलेल्या वेगाच्या पुढे चालवून) स्वस्तात गेम खेळणे लोकप्रिय झाले. त्याच वर्षी आलेला फार क्राय ४ हा गेम दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर काळ्या पडद्यापलीकडे जातच नव्हता. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये मंद गतीचे आठ जॅग्वार कोअर होते. त्यामुळे गेम कंपन्यांना काम वाटून घेणे भागच पडले होते. २०१७ मधला चार कोअर, आठ थ्रेडचा आय७-७७००के त्या वेळच्या बहुतेक गेममध्ये एएमडीच्या आठ कोअरच्या रायझन ७ १८००एक्सच्या पुढे होता. पण पुढच्या काही वर्षांत चार कोअर, चार थ्रेडचे आय५ सर्वांत आधी अडखळू लागले. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स (२०२०) यांत झेन २ जातीचे आठ कोअर आहेत व त्यांचा काही भाग यंत्रणेसाठी राखीव असतो. मोठे गेम याच मापाने लिहिले जातात, म्हणून आठ ही संख्या सध्या सुरक्षित मानावी.

कॅशेचा गोंधळ

इंटेलच्या दहाव्या पिढीत आय५-१०६००केला १२ एमबी, आय७-१०७००केला १६ एमबी आणि आय९-१०९००केला २० एमबी एल३ कॅशे (कोअर मिळून वापरतात ती सर्वांत मोठी कॅशे) होती. म्हणजे कोअर वाढले की कॅशेही वाढत होती, आणि फायद्याचे श्रेय कोअरना मिळत होते. गेमचा डेटा विखुरलेला असतो. तो कॅशेत सापडला नाही की कोअरला रॅमची वाट पाहत थांबावे लागते.

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीने हे स्पष्ट करून दाखवले. कोअर आठच. क्लॉक ५८००एक्सच्या ४.७ गिगाहर्ट्‌झवरून ४.५ वर उतरलेला. एल३ कॅशे मात्र ३२ एमबीऐवजी ९६ एमबी. गेममध्ये तो ५८००एक्सच्या तर पुढे गेलाच, सोळा कोअरच्या ५९५०एक्सलाही त्याने मागे टाकले. तीच कॅशे असलेला सहा कोअरचा ५६००एक्स३डीसुद्धा बहुतेक गेममध्ये आठ कोअरच्या ५८००एक्सपेक्षा वेगवान ठरतो.

स्वस्त प्रोसेसर घेताना याच मुद्द्यावर फसगत होते. रायझन ७ ५७००जी आणि साधा ५७०० हे आठ कोअरचे असले तरी त्यांत एल३ कॅशे फक्त १६ एमबी आहे, ५७००एक्समध्ये ३२ एमबी. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांच्यातही हाच फरक. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर सहा कोअरचा ५६०० हा आठ कोअरच्या ५७००जीपेक्षा गेमसाठी सरस आहे. खोक्यावरील कोअरच्या आकड्याआधी एल३चा आकडा वाचावा.

जास्त कोअर अडचण करतात तेव्हा

रायझनचे बारा व सोळा कोअरचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन चिपलेटचे (कोअर असलेल्या वेगळ्या लहान चिपांचे) बनलेले असतात. एका चिपलेटवरील थ्रेडला दुसऱ्यावरील डेटा लागला की एकाच चिपलेटच्या तुलनेत कितीतरी जास्त वेळ जातो. ७९५०एक्स३डीमध्ये तर मोठी कॅशे एकाच चिपलेटवर आहे. गेम सुरू होताच विंडोजने दुसरे चिपलेट झोपवावे, यासाठी चिपसेट ड्रायव्हर, एक्सबॉक्स गेम बार आणि ‘बॅलन्स्ड’ पॉवर प्लॅन तिन्ही जागेवर लागतात. यातले एक जरी चुकले तर गेम चुकीच्या चिपलेटवर चालतो आणि आठ कोअरचा ७८००एक्स३डी त्याच्या पुढे निघून जातो.

इंटेलच्या आय९-१२९००केमध्ये (२०२१) आठ वेगवान पी-कोअर आणि आठ लहान ई-कोअर आहेत. जाहिरातीतील ‘सोळा कोअर’ गेमच्या दृष्टीने मुख्यतः आठच समजावेत. सुरुवातीला काही गेममधील कॉपी-संरक्षण प्रणाली ई-कोअरना वेगळाच संगणक समजून गेम बंद पाडत असे. गेमच्या अपडेटनी ते पुढे दुरुस्त झाले.

आपल्या संगणकावर तपासणी

आधी अडथळा कुठे आहे ते पाहावे. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमने ग्राफिक्स कार्डाचा वापर पडद्यावर आणावा. तो ९७ ते ९९ टक्के असेल तर प्रोसेसर बदलून काहीच हाती लागणार नाही. नंतर रेझोल्यूशन ७२०पीपर्यंत उतरवावे. एफपीएस जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर अपुरा पडतो आहे. प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्के दिसतो म्हणून तो मोकळा आहे असे समजू नये : सोळा थ्रेडपैकी एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा सुमारे सहा टक्केच दिसतो. सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडाही पाहावा, कारण कोअर कमी पडल्याची पहिली खूण तिथे, झटक्यांच्या रूपात उमटते.

आठ कोअरपैकी सहाच चालवून फरक मोजायचा असेल तर बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) दोन कोअर बंद करावेत. कॅशे तेवढीच राहते, त्यामुळे निष्कर्ष शुद्ध मिळतो. टास्क मॅनेजरमधून थ्रेड मर्यादित करणे तितके विश्वसनीय नाही : गेमने सुरू होताना सोळा थ्रेड मोजून तेवढे कामकरी आधीच उभे केलेले असू शकतात आणि मग ते बारा थ्रेडवर गर्दी करतात.

प्रोसेसर बदलण्याआधी रॅमही तपासावी. एएम५ (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचे सॉकेट) मदरबोर्डवर डीडीआर५-६००० ची जोडी बायोसमधील एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू न केल्यामुळे ४८०० वरच चालत राहते, ही नेहमी आढळणारी चूक आहे. दोनऐवजी एकच पट्टी लावणे ही दुसरी.

खरोखर उपयोग कुठे होतो

सिटीज स्कायलाइन्स २ (२०२३) या शहर उभारण्याच्या गेममध्ये शहर वाढेल तसे सिम्युलेशन अनेक कोअरवर पसरते आणि तिथे बारा-सोळा कोअर कामी येतात. शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होतानाही सगळे कोअर राबतात, पण ते काम खेळ सुरू होण्यापूर्वीच्या काही मिनिटांचे. थेट प्रक्षेपण एक्स२६४ पद्धतीने (प्रोसेसरवरच व्हिडिओ संकुचित करून) करायचे असेल तर जादा कोअर हवेत. एनव्हीडिया कार्डातील एनव्हीएन्क हा व्हिडिओ संकुचित करणारा विभाग वापरला तर हा भार प्रोसेसरवर पडत नाही. व्हिडिओ संपादन, थ्रीडी रेंडरिंग किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणे हे रोजचे काम असेल तर सोळा कोअरचे पैसे वसूल होतात.

जुना एएम४ (एएमडीचे आधीचे सॉकेट) संगणक असेल तर पूर्ण नवी जुळणी करण्याऐवजी त्याच मदरबोर्डवर ५७००एक्स३डीसारखा मोठ्या कॅशेचा प्रोसेसर बसवणे बहुधा अधिक फायद्याचे. त्यासाठी मदरबोर्ड कंपनीच्या यादीत तो आहे का हे पाहून, जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अद्ययावत करावा. नाहीतर नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा उजळतच नाही आणि जुना पुन्हा बसवावा लागतो.