नशा उतरते, लघवीतली खूण उरते

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला ब्रँडन कोट्स किशोरवयात मोटार अपघातात सापडला आणि त्याचे हातपाय लुळे पडले. शरीराला येणारे झटके आवरण्यासाठी तो रात्री घरी गांजा घ्यायचा, तोही राज्याच्या रीतसर वैद्यकीय परवान्यावर. 2010 मध्ये कंपनीच्या तपासणीत तो ‘पॉझिटिव्ह’ आला आणि त्याची नोकरी गेली. कामावर तो नशेत होता, असा कंपनीचाही आरोप नव्हता. तरीही 2015 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, कारण केंद्रीय कायद्याने गांजा बेकायदाच होता.

अशा तपासणीसाठी अनेकदा घेतल्या जाणाऱ्या लघवीच्या बाटलीत नेमकं काय सापडतं, हे प्रत्येक मालकाने समजून घ्यायला हवं. दारूचं गणित सोपं आहे. ती पाण्यात विरघळते आणि रक्तात जितकी जास्त, तितकी नशा जास्त. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, मात्र चरबीत मुरतं. चिलीम ओढल्यावर काही मिनिटांतच रक्तातलं त्याचं प्रमाण शिगेला पोहोचतं आणि झपाट्याने खाली येतं. नशा पुढे काही तास टिकते. यकृत टीएचसीचं रूपांतर करत करत शेवटी एक निरुपद्रवी पदार्थ बनवतं. त्याने नशा चढत नाही. पण चरबीतून टीएचसी हळूहळू झिरपत राहतं, म्हणून हा पदार्थ लघवीत दिवसेंदिवस दिसत राहतो. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडेसुद्धा. लघवीची तपासणी शोधते ती हाच पदार्थ. म्हणजे शनिवारी रात्री घरी ओढलेला गांजा बुधवारी कामावर पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाची नोकरी घालवू शकतो. मला हा उघड अन्याय वाटतो.

कायदे आता हा फरक ओळखू लागले आहेत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2024 पासून केवळ या निरुपद्रवी अंशावरून बहुतेक कामगारांना काढता येत नाही. बांधकाम व्यवसायाला मात्र त्यातून वगळलं आहे. ट्रकचालकांना आजही केंद्राचा नियम लागू आहे: पहिल्या चाचणीत मिलिलिटरमागे 50 नॅनोग्रॅम ही मर्यादा, मग राज्यात गांजा कायदेशीर असो वा नसो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात व्हिसावर नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींनी तर जास्तच जपायला हवं, कारण व्हिसा आणि नागरिकत्वाचे अर्ज केंद्रीय कायद्यानेच तपासले जातात.

याचा अर्थ कामावर नशा चालवून घ्यावी असा मुळीच नाही. गांजाने प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, लक्ष विचलित होतं. खाण्यातून घेतला तर तो चढायलाच अर्धा ते दोन तास लागतात. सकाळी ठणठणीत दिसलेला माणूस दहा वाजता यंत्रासमोर झिंगलेला असू शकतो. म्हणून पर्यवेक्षकाने बघायचं ते माणसाकडे: बोलणं अडखळतंय का, तोल जातोय का, रोजचं काम चुकतंय का. दिसलेलं वेळेसह लिहून ठेवायचं आणि त्याला लगेच यंत्रावरून बाजूला घ्यायचं. दोन रात्री न झोपलेला क्रेनचालकही याच नजरेला सापडतो; लघवीच्या बाटलीत तो कधीच सापडला नसता.