नंदलाल बोस यांचं रेखाचित्र विकायचं तर: ‘कलानिधी’ कायद्याची पार्श्वभूमी

नंदलाल बोस यांच्या सहीचं एखादं रेखाचित्र घरातल्या जुन्या फायलीत सापडलं आणि ते विकायचं ठरलं, की सगळे आधी विचारतात, किती येतील? त्याच्याआधी विचारायला हवं की हे चित्र आज आहे कुठे. तेच चित्रकार, तीच सही, तोच कागद. पण तो पुण्यात असेल तर त्याचा बाजार भारताच्या सीमेवर संपतो, आणि बोस्टनमध्ये असेल तर सगळं जग गिऱ्हाईक. हा फरक पडला एका कायद्यामुळे. त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली आहेत.

नंदलाल १८८२ साली बिहारमधल्या हवेली खडगपूरला जन्मले. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत ते अवनींद्रनाथ टागोरांच्या हाताखाली तयार झाले. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या, तेव्हा त्या कामावर गेलेल्या तरुण चित्रकारांत तेही होते. पुढे रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनात नेलं आणि तिथल्या कलाशाळेचा, कलाभवनाचा, कारभार त्यांच्याकडे आला. १९३६ साली गांधीजींच्या सांगण्यावरून आपल्या खानदेशातल्या फैजपूर काँग्रेसची सजावट त्यांनी केली. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. १९३८ ची हरिपुरा अधिवेशनाची चित्रं तर सगळ्यांना ठाऊक आहेत. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. १९६६ मध्ये ते गेले.

एवढा मोठा माणूस, आणि त्याचं काम घराघरांत कसं पोचलं? पोस्टकार्डांतून. विद्यार्थ्यांना, स्नेह्यांना पत्र पाठवताना ते कार्डावर शाईच्या चार फटकाऱ्यांत एखादी बकरी, ताडाचं झाड, नाहीतर संथाळ बाई काढून द्यायचे. हा त्यांचा नित्याचा परिपाठच होता. शांतिनिकेतनात तेव्हा देशभरातून मुलं येत. कोल्हापूरकडचे विनायक मासोजी तिथे शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. अशी कार्डं विक्रीसाठी काढलेली नव्हतीच, त्यामुळे त्यांची पावती नाही, गॅलरीची नोंद नाही, कुठल्या प्रदर्शनाची चिठ्ठी नाही. आणि बाजाराला नेमकी हीच कागदपत्रं हवी असतात.

आता कायद्याकडे. स्वातंत्र्याच्या वर्षीच, १९४७ साली, पुरातन वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. त्यात मूर्ती, जुनी नाणी, शिलालेख असलं सगळं येत होतं. कालपरवाच्या चित्रकाराचं काम मात्र त्यात बसत नव्हतं. मूर्तीचोरी वाढत गेली, १९७० मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक मालमत्तेच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध करार केला आणि १९७२ मध्ये आपल्याकडे ‘पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा’ मंजूर झाला. तो अमलात आला ५ एप्रिल १९७६ ला. या कायद्याने दोन कप्पे केले. एक, पुरावशेष, म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. दुसरा नवा कप्पा होता: शंभरी भरलेली नसली तरी कलामूल्यामुळे सरकारने जिला ‘आर्ट ट्रेझर’, म्हणजे कलानिधी, म्हणून जाहीर केलं आहे अशी कलाकृती. अट एकच, कलाकार हयात असेपर्यंत त्याचं काम असं जाहीर करता येत नाही.

मग अधिसूचना निघाल्या. १९७० चं दशक संपेपर्यंत यादीत नऊ नावं झाली: रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे तिघे टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. त्यानंतर यादी तिथेच थांबली. सूझा, हुसेन, गायतोंडे, रझा हे चित्रकार वारले, त्यांच्या चित्रांचे आकडे कोटींच्या घरात गेले, तरी दहावं नाव आलेलं नाही. गोव्यातल्या साळगावात जन्मलेल्या सूझाने कागदावर अक्षरशः ढिगाने चित्रं काढली. त्यातलं एखादं आज मुंबईतला माणूस न्यूयॉर्कच्या लिलावात पाठवू शकतो. फक्त ते पुरावशेष नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. नंदलालांचं छोटं पोस्टकार्ड मात्र जाऊ शकत नाही. कलामूल्याच्या निकषावर या तफावतीचं समर्थन कुणी कसं करेल, मला तरी कळत नाही.

कायद्यानुसार अशी कलाकृती देशाबाहेर नेऊ शकतं ते फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था. २००८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातली नंदलालांची चित्रं अमेरिकेत सॅन दिएगोला प्रदर्शनासाठी गेली आणि परत आली, ती या वाटेने. (त्या संग्रहालयात त्यांची सात हजारांच्या आसपास कामं आहेत.) खासगी माणसाने परस्पर पाठवलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. सामानात गुंडाळून नेलेलं पोस्टकार्डही निर्यातच ठरतं, हे परदेशातल्या मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या गावीही नसतं.

देशात विकायला मात्र बंदी नाही. इथे खूप गैरसमज आहे. मालक विकू शकतो, घेणारा घेऊ शकतो, लिलाव होऊ शकतो. मुंबई-दिल्लीच्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये अशा चित्राखाली एक ओळ छापलेली दिसते: राष्ट्रीय कलानिधी, निर्यात करता येणार नाही. त्या ओळीने परदेशी गिऱ्हाईक गळतं आणि उरलेल्यांत चढाओढ कमी होते. शेरगिलसारख्या दुर्मीळ नावाला त्याने फरक पडत नाही. तिचं १९३७ सालचं ‘द स्टोरी टेलर’ सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत ६१.८ कोटींना गेलं. कागदावरच्या लहान कामाला मात्र ती ओळ जड जाते.

याउलट जे आधीच बाहेर होतं ते बाहेरच विकलं जातं. इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉल या संस्थेकडे रवींद्रनाथांची बारा चित्रं होती. जून २०१० मध्ये लंडनला ती सुमारे १६ लाख पौंडांना विकली गेली. आपल्याकडे तेव्हा हळहळ झाली, पण अडवणार कोण? कायदा भारताच्या हद्दीपुरता. सप्टेंबर २०१३ मध्ये नंदलालांच्या अमेरिकेतल्या नातवाचा संग्रह न्यूयॉर्कला लिलावात निघाला आणि त्यातली झाडून सगळी चित्रं विकली गेली. ती इथे आणून विकली असती तर पुन्हा बाहेर जाण्याचं दार बंद झालं असतं. परदेशातला मालक ती जोखीम कशाला घेईल? वारसा घरात राहावा म्हणून लावलेली कडी बाहेरच्या वारशालाही घरात येऊ देत नाही, हे कायदा करणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात आलं नसावं.

अजून एक गुंता काळाने घातला आहे. नंदलालांची अजिंठ्याच्या दिवसांतली, बंगालच्या सुरुवातीच्या काळातली कामं आता शंभरी ओलांडून गेली. म्हणजे कायद्याच्या व्याख्येनुसार ती कलानिधीच्या कप्प्यातून निघून पुरावशेषांच्या कप्प्यात गेली. मग पुरातत्त्व खात्याकडची नोंदणी आली, आणि असा व्यापार करणाऱ्याला परवाना आला.

आता सहीबद्दल. विक्रेत्याचा सगळा भरवसा सहीवर असतो आणि जाणकार सर्वांत शेवटी बघतात ती सही. नंदलाल बहुधा बंगालीत ‘नंद’ लिहीत आणि जपानी-चिनी चित्रकारांसारखा लाल शिक्काही उमटवत. पूर्वेकडच्या या पद्धतीची ओळख त्यांच्या गुरूंच्या घरीच झालेली होती, आणि १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर ते स्वतः चीन-जपानला जाऊन आले. दोन बंगाली अक्षरं आणि एक शिक्का, म्हणजे नक्कल करणाऱ्याला सोपं काम. पोस्टकार्ड त्यामानाने बनावट करणाऱ्याला अवघड. कार्डावर छापलेलं तिकीट कोणत्या राजाचं आहे ते बघा: सहाव्या जॉर्जचं मुंडकं असलेल्या कार्डावर १९२५ ची तारीख असेल तर खेळ तिथेच संपला. टपालाचा ठप्पा चित्राच्या शाईवर बसलाय की शाई ठप्प्यावर चढलीय, तेही भिंगाखाली दिसतं. पत्ता आणि मजकूर त्याच हाताचा आहे का, ज्याच्या नावे कार्ड आलं तो माणूस तेव्हा तिथे होता का, हे सगळं जुळावं लागतं.

ही सावधगिरी उगाच नाही. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली वीस चित्रं बनावट असल्याचं पुरातत्त्व खात्याने सांगितलं. सरकारी कला महाविद्यालयाच्या भिंतीवर हे घडतं, तर घरगुती फायलीची काय कथा! जामिनी रॉय यांचं प्रकरण निराळंच: त्यांच्याकडे घरच्यांच्या हातचं, कारखान्यासारखं काम चालायचं आणि एकट्याच्या सहीचं स्तोम त्यांना मान्यच नव्हतं. तिथे अस्सल म्हणायचं कशाला, यावर अजून वाद घालतात.

पैशांचं थोडक्यात. २००७ च्या वित्त कायद्याआधी घरातलं चित्र ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून भांडवली नफ्याच्या करातून सुटायचं. ती सवलत गेली. जीएसटी कलाकृतींवर १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. याखेरीज कॉपीराइट कायद्यात १९९४ साली घातलेलं ५३अ कलम आहे: मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला किंवा वारसांना कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. प्रत्यक्षात तो क्वचितच मागितला जातो. हा हक्क कॉपीराइट असेपर्यंतच चालतो, आणि कॉपीराइट चालतो मृत्यूनंतर साठ वर्षं. नंदलालांच्या बाबतीत ती मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. त्यानंतर त्यांच्या चित्रांच्या प्रती कुणीही छापू शकेल, वारसांचा फेरविक्रीतला वाटाही संपेल. निर्यातबंदीला अशी मुदतच ठेवलेली नाही.