पडद्यावरील जुन्या ब्रिटिश व्हॅनची ओळख

ब्रिटिश चित्रपटांत व दूरचित्रवाणी मालिकांत दिसणारी जुनी मालवाहू व्हॅन कोणत्या कंपनीची, कोणत्या मॉडेलची आणि साधारण कोणत्या काळातली, हे ठरवण्याचा छंद. पाव, मांस, धुतलेले कपडे, टपाल घरोघरी पोचवणाऱ्या या गाड्या बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांतल्या असतात. कथेत त्यांना सहसा काम नसते. त्या नुसत्या कडेला उभ्या असतात.

बाजूला रंगवलेले बेकरीचे नाव पाहून काहीच ठरत नाही. ते नाव कलाविभागाने आदल्या दिवशी लिहिलेले असू शकते. पाहायचे ते नाक, समोरची काच आणि दरवाजे. मॉरिस जे-टाइप (१९४९–६१) चपट्या नाकामुळे आणि सरकत्या दरवाजांमुळे लांबूनही कळते. बेडफर्ड सीए (१९५२–६९) हिचेही नाक आखूड आणि दरवाजे सरकते, त्यामुळे नवखा हमखास फसतो. पण तिला बुटके का होईना, बॉनेट आहे. तिच्या आरंभीच्या गाड्यांची समोरची काच दुभागलेली, नंतरच्यांची एकसंध, म्हणजे काचेवरून काळही कळतो. १९६५ साली आलेल्या फोर्ड ट्रान्झिटचे नाक तर इंजिनच सांगते: पेट्रोलचे व्ही-४ (चार सिलिंडर ‘व्ही’ आकारात बसवलेले) इंजिन आखूड नाकात मावते, डिझेल इंजिनासाठी नाक लांबवावे लागले. मॉरिस मायनर व्हॅन सर्वांच्या ओळखीची. मात्र टपाल खात्याच्या सुरुवातीच्या मायनरना पुढची मडगार्डे रबराची होती आणि हेडलाइट त्यांच्यावर वेगळे बसवलेले. बेडकाचे डोळे म्हणावेत तसे.

ऑस्टिन ए३५ सारख्या छोट्या व्हॅनना मागच्या बाजूंना खिडक्या नसत. मोटारींवर खरेदी कर होता, मालवाहू व्हॅनवर नव्हता. बाजूला काचा बसवल्या की कर लागू होई. ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’ या मातीच्या बाहुल्यांच्या अॅनिमेशन जोडीच्या २००५ सालच्या चित्रपटातली गाडी हीच ए३५. छोटी प्रतिकृती असूनही ओळखू येते.

नंबरप्लेट उपयोगी, पण बेभरवशाची. १९६३ पासून क्रमांकाच्या शेवटी वर्षदर्शक अक्षर येऊ लागले. १९६७ मध्ये ते जानेवारीऐवजी ऑगस्टला बदलू लागले, म्हणून ‘ई’ सातच महिने चालले. काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरे जाऊन पुढे पांढरी व मागे पिवळी परावर्तक पाटी नव्या गाड्यांना १९७३ पासून सक्तीची झाली. अर्थात अक्षर नोंदणीचे वर्ष सांगते, कारखान्यातले नव्हे. आणि चित्रीकरणासाठी पाटी बदलणे दोन स्क्रूंचे काम.

ओळख पटली की कालविसंगतीही उघडी पडते. १९४० सालच्या दृश्यात जे-टाइप उभी असेल तर ती चूकच. ‘डॅड्स आर्मी’ या महायुद्धकाळातल्या विनोदी मालिकेत खाटीक जोन्सची व्हॅन १९३५ सालची फोर्ड आहे, म्हणजे तिथे हिशेब जमतो. ती आता इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावच्या संग्रहालयात आहे.

सर्वांत प्रसिद्ध चूक प्रेक्षकांची आहे. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतल्या ट्रॉटर बंधूंच्या पिवळ्या तीनचाकी व्हॅनला निम्मे ब्रिटन ‘रिलायंट रॉबिन’ म्हणते. रॉबिन १९७३ मध्ये आली. पडद्यावरची गाडी तिच्या आधीची, रिलायंट रीगल सुपरव्हॅन आहे.