मधुमेही दृष्टिपटलविकारातील रक्तवाहिन्यांचे चित्रण

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यातील म्हणजे दृष्टिपटलातील बारीक रक्तवाहिन्यांत होणारे बदल टिपणाऱ्या तपासण्या. या आजारात केशवाहिन्या दोन तऱ्हांनी बिघडतात: त्या झिरपू लागतात किंवा बंद पडतात. झिरपल्याने पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात, सूज येते. बंद पडल्याने त्या भागाला ऑक्सिजन मिळेनासा होतो, व्हीईजीएफ हे प्रथिन वाढते आणि सहज फुटणाऱ्या नव्या वाहिन्या उगवतात. साध्या रंगीत छायाचित्रात रक्तस्राव आणि पिवळे साके दिसतात, पण रक्त कुठे पोहोचत नाही हे त्यातून नेमके कळत नाही. दृष्टी ६/६ म्हणजे सामान्य असतानाही कडेचा मोठा भाग रक्ताविना असू शकतो.

फ्लुओरेसीन अँजिओग्राफी ही यातली जुनी तपासणी. हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्व्हिस यांनी १९६१ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा ते दोघेही अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात वैद्यकाचे विद्यार्थी होते. थेंब घालून बाहुली मोठी करतात, आधी रंगीत चित्रे घेतात आणि मग हाताच्या शिरेत १० टक्के द्रावणाचे ५ मिलि. म्हणजे ५०० मिग्रॅ. फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य टोचतात. निळ्या प्रकाशात ते पिवळट हिरवे चमकते. कॅमेऱ्यातील गाळणी निळा प्रकाश अडवून तेवढीच चमक आत घेते. साधारण १० ते १५ सेकंदांत पडद्यामागचा रक्तपटल उजळतो, लगेच रोहिण्या, मग केशवाहिन्या आणि शेवटी नीला भरतात. सुमारे १० मिनिटांनंतरची उशिराची चित्रे टाळू नयेत. चमक जागच्या जागी राहते की पसरत जाते, हे त्यांतूनच ठरते.

तपासताना दोन्ही लाल ठिपकेच दिसणारे केशवाहिन्यांचे सूक्ष्म फुगवटे आणि रक्तस्राव इथे वेगळे होतात: फुगवटा चमकतो, रक्तस्राव काळा राहतो. नवी वाहिनी सुरुवातीलाच उजळते आणि पाहता पाहता धूसर ढगासारखी पसरते. मात्र प्रत्येक काळा भाग म्हणजे बंद पडलेल्या केशवाहिन्या नव्हेत. वर साचलेले रक्तही चमक झाकते, म्हणून त्याच जागेचे रंगीत चित्र शेजारी ठेवूनच वाचन करावे.

काहींना इंजेक्शननंतर मिनिटभरात मळमळते. त्वचा काही तास पिवळी राहते, लघवी साधारण दिवसभर गडद होते. हे निरुपद्रवी आहे आणि रुग्णाला आधीच सांगावे. औषध शिरेबाहेर गेल्यास तीव्र आग होते, म्हणून आधी सलाइन सोडून सुई शिरेतच आहे याची खात्री करतात. ॲनाफिलॅक्सिस म्हणजे अचानक येणारी तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया; तो क्वचितच होतो, पण जिवावर बेतू शकतो. ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी नसतील, तर ही तपासणी करूच नये.

ओसीटी म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांची छेदचित्रे घेणे; त्यावर आधारलेल्या ओसीटी अँजिओग्राफीला इंजेक्शन लागत नाही. पडद्याच्या एकाच जागेचे छेद लागोपाठ घेतले, तर स्थिर ऊती सारखीच दिसते आणि वाहत्या रक्तपेशींचा संकेत बदलतो. हा बदल मोजून यंत्र वाहिन्यांचा नकाशा काढते, तोही वरच्या आणि खोल जाळ्याचा वेगवेगळा. फोव्हिया म्हणजे मॅक्युलाचा मध्यबिंदू; त्याभोवतीचे वाहिनीरहित वर्तुळ किती वाढले आणि किती वेडेवाकडे झाले, हे यात अतिशय स्पष्ट दिसते. गळती मात्र दिसत नाही, आणि ज्या फुगवट्यात रक्त फार मंद वाहते तोही निसटतो. म्हणून फुगवट्यांची संख्या दोन तपासण्यांत जुळली नाही, तर त्यात नवल नाही.

या नकाशांत फसवणुकीच्या जागा पुष्कळ. डोळा हलला की आडव्या रेघा किंवा तुटलेल्या वाहिन्या दिसतात. मोतीबिंदू, कोरडी बुब्बुळे किंवा पापणीची सावली यांनी संकेत क्षीण होतो आणि धडधाकट भागही रक्तहीन भासतो. वरच्या वाहिन्यांची छाया खोल थरात उमटते. मॅक्युलात सूज असेल, तर थरांच्या सीमा आखताना यंत्र बऱ्याचदा चुकते. त्या सीमा छेदचित्रावर तपासून हाताने दुरुस्त कराव्यात. पाठपुराव्यात ३ मिमी. चौकोनातील वाहिनी-घनता (वाहिन्यांनी व्यापलेला भाग) ६ मिमी. चौकोनातील घनतेशी ताडू नये, आणि एका यंत्राचा आकडा दुसऱ्या बनावटीच्या यंत्राच्या आकड्याशीही नाही.