बँडविड्थ-वापराची देखरेख

घरातील वा कार्यालयातील संगणक-जाळ्यातून ठरावीक काळात किती डेटा आत आला, किती बाहेर गेला आणि तो कोणत्या उपकरणाने वापरला, याची सतत नोंद ठेवण्याची पद्धत. ‘बँडविड्थ’ ही संज्ञा मूळची रेडिओ व दूरसंचार अभियांत्रिकीतील. तेथे ती वारंवारता-पट्ट्याची रुंदी दर्शवते व हर्ट्‌झमध्ये मोजली जाते. ही रुंदी, संदेश-गोंगाट गुणोत्तर आणि वाहिनीची कमाल क्षमता यांचा संबंध अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडला. संगणक क्षेत्रात पुढे त्या क्षमतेलाच बँडविड्थ म्हणू लागले. काटेकोरपणे पाहता येथे देखरेख होते ती क्षमतेची नव्हे, प्रत्यक्ष रहदारीची. तथापि रूढ संज्ञा कायम ठेवली आहे.

मापनाचा पाया म्हणजे सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल (एसएनएमपी), अर्थात जाळ्यातील उपकरणांकडून नोंदी मागवण्याची नियमावली. त्याचे आरंभवर्ष कोणता मजकूर प्रमाण मानावा यावर ठरते : आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) १०६७ हा दस्तऐवज १९८८ चा, तर अधिक उद्धृत होणारा आरएफसी ११५७ हा १९९० चा. पहिला मजकूर म्हणून १९८८ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. वापराचा आलेख काढण्याच्या परंपरेबाबतही असाच फरक आढळतो. टोबियास ओटिकर यांनी इंग्लंडमधील डी माँटफर्ट विद्यापीठात असताना, अवघ्या ६४ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवरील ताण सर्वांना दिसावा म्हणून, १९९४ च्या सुमारास एमआरटीजी या आलेख काढणाऱ्या आज्ञावलीचे काम सुरू केले. ती सार्वजनिक झाली १९९५ मध्ये. प्रसाराच्या दृष्टीने नंतरचे वर्ष महत्त्वाचे.

राउटर वेग मोजत नाही. प्रत्येक पोर्टवर (जोडणीच्या जागी) आलेल्या व गेलेल्या बाइटसाठी एकेक चढता काउंटर असतो आणि त्यात भर पडत राहते. दर पाच मिनिटांनी तो वाचायचा, दोन वाचनांतील फरकाला ३०० सेकंदांनी भागायचे, की सरासरी वेग मिळतो. जुना काउंटर ३२ बिटांचा असल्याने ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १० मेगाबिटच्या जोडणीवर यास सुमारे ५७ मिनिटे लागतात, १०० मेगाबिटवर पावणेसहा मिनिटे, तर गिगाबिटवर जेमतेम ३४ सेकंद. दोन वाचनांदरम्यान एकच फेरी झाली असेल, तर हिशेब सावरता येतो. एकाहून अधिक झाल्यास त्या मोजण्याचा उपाय उरत नाही. पाच मिनिटांच्या अंतराने ही मर्यादा सुमारे ११४ मेगाबिट येते. पूर्ण भरलेली गिगाबिट जोडणी त्या पाच मिनिटांत आठ फेऱ्या पुऱ्या करून नववीत असते आणि आलेखात केवळ ८४ मेगाबिट दिसते! हा दोष विशेष घातक आहे, कारण आलेख कोठेही तुटत नाही; चुकीची रेषा अखंड आणि पटण्याजोगी दिसते. म्हणून आरएफसी २८६३ ने (२०००) २० मेगाबिटहून वेगवान पोर्टसाठी ६४ बिटांचे बाइट-काउंटर आवश्यक ठरवले. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मात्र ते वाचता येत नाहीत. गिगाबिट जोडणीवरील जुना आलेख ही बाब पडताळल्याशिवाय प्रमाण धरू नये.

पाच मिनिटांची सरासरी क्षणिक उसळी लपवते. व्यावसायिक जोडण्यांच्या ९५ व्या शततमक देयकपद्धतीत तर अशा उसळ्या मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवल्या जातात : ३० दिवसांच्या ८,६४० नमुन्यांपैकी सर्वोच्च ४३२, म्हणजे एकूण ३६ तास, वगळले जातात आणि उरलेल्यांतील कमाल आकड्यावर आकारणी होते.

काउंटर एकूण आकडा सांगतो, कोणी वापरले हे सांगत नाही. ती उणीव सिस्को या जाळे-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीच्या नेटफ्लो पद्धतीने भरून काढली. पत्ते, पोर्ट-क्रमांक (उपकरणातील कोणत्या सेवेसाठी रहदारी आहे हे सांगणारे) व प्रोटोकॉल यांनुसार प्रत्येक प्रवाहाची नोंद त्यात होते. त्याच्या नवव्या आवृत्तीवरून आयपीफिक्स हे खुले प्रमाणक आकारास आले. एसफ्लो पद्धतीत सर्व पॅकेटांऐवजी (डेटाच्या छोट्या तुकड्यांऐवजी) त्यांतील काही नमुनेच घेतात. रहदारी कूटबद्ध असली, तरी आकारमान व पत्ते दिसतात, मजकूर नाही.

घरी उपकरणनिहाय नोंद राउटरवरच घ्यावी लागते, कारण आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) जोडणीत सेवादात्याला सहसा सर्व उपकरणांमागे एकच पत्ता दिसतो. अनेक घरगुती राउटरांत वेगासाठी पॅकेटे मुख्य प्रोसेसरला वळसा घालून थेट हार्डवेअरमधून जातात. अशी रहदारी सॉफ्टवेअरच्या मोजणीतून निसटू शकते. अलीकडचे फोन वाय-फायवर स्वतःचा मूळ मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख-क्रमांक) न देता यादृच्छिक पत्ता देतात. तो बदलला, की एकच फोन यादीत दोनदा दिसतो.