लिंच सिंड्रोममधील दडलेली उत्परिवर्तने

लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असून त्यात मुख्यतः मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग तुलनेने कमी वयात होतो. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ किंवा पीएमएस२ या जनुकांपैकी एकात जन्मजात बिघाड असतो. मात्र डीएनएची अक्षरे ओळीने वाचणाऱ्या नेहमीच्या क्रमनिर्धारणात तो दरवेळी सापडतोच असे नाही.

प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. एका प्रतीतून अख्खा एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेला जनुकाचा तुकडा, गळालेला असला, तरी त्या जागी निरोगी प्रतीतील अक्षरे वाचली जातात आणि अहवाल निर्दोष येतो. यावर उपाय म्हणून २००० मध्ये अमेरिकेतील बर्ट फोगेलस्टाइन व सहकाऱ्यांनी रुग्णाच्या पेशींचा उंदराच्या पेशींशी संकर करून दोन्ही प्रती वेगळ्या केल्या. पद्धत नामी, पण रोजच्या प्रयोगशाळेला न परवडणारी. प्रत्यक्षात रुळली ती २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली एमएलपीए चाचणी, जिच्यात अक्षरे न वाचता प्रत्येक एक्सॉनच्या प्रती मोजल्या जातात.

मोजणीलाही चकवणारे बिघाड आहेत. एमएसएच२च्या पहिल्या सात एक्सॉनांसह सुमारे १ कोटी बेस जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) पट्टा गुणसूत्रावर उलटा बसल्याची उदाहरणे ज्ञात आहेत. त्यात अक्षरे पूर्ण, एक्सॉनांची संख्याही पूर्ण, तरीही जनुक मधोमध तुटलेले असते. कधी दोष एमएसएच२मध्ये नसून शेजारच्या एपकॅम जनुकाच्या शेपटाकडील भाग गळाल्याने एमएसएच२ मिथिलीकरणाने, म्हणजे डीएनएवर रासायनिक खुणा चढल्याने, मुके होते. पीएमएस२ची अडचण निराळीच आहे: त्याच्याशी बरेच साम्य असलेले एक निकामी जनुक त्याच गुणसूत्रावर असल्याने, सापडलेला बदल नेमका कोणाचा हेच आधी ठरवावे लागते.

शोध कोठे घ्यायचा, हे पुष्कळदा गाठीचा छेद सांगतो. एमएसएच२ प्रथिनासाठी रंगवलेल्या काचपट्टीवर भोवतालच्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात, तर ते प्रथिन नसल्याने कर्कपेशींची निळीच राहतात. असा छेद हाती असताना रक्ताचा अहवाल निर्दोष आला, तर तो अंतिम मानू नये. आरएनएची तपासणी किंवा डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणारे क्रमनिर्धारण करून पाहावे. अर्थात काही रुग्णांत दोन्ही प्रती गाठीतच, जन्मानंतर बिघडलेल्या असतात. तेव्हा रक्तात काही सापडत नाही, कारण तेथे शोधण्यासारखे काही नसतेच.